लिंबाचा डहाळा आणि आमची घरशाळा

आमच्या गावात सकाळी नऊनंतर घरात सापडणारा धडधाकट पुरुष दोनच प्रकारचा असतो. एक निवृत्त झालेला आणि दुसरा निवडणुकीत पडलेला. मी यांतला कोणीच नव्हतो. तरी रोज नऊ वाजता मी अंघोळ करून, भांग पाडून माझ्याच घराच्या पडवीत फळ्यापुढे उभा असायचो आणि समोर माझीच दोन पोरं पाटावर बसलेली असायची. गावाने यावर बराच विचार केला आणि सुदर्शनची नोकरी गेली, असं ठरवून टाकलं.

नोकरी गेलेली नव्हती. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी घरून करतो. कंपनीची गिऱ्हाइकं परदेशात असल्यामुळे त्यांची सकाळ आमच्या दुपारी दोनला होते. हे मी शेजारच्या गेणभाऊंना पृथ्वी गोल आहे इथपासून सुरुवात करून समजावून सांगितलं. गेणभाऊ पारगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून त्यांना समजून घ्यायला भरपूर वेळ आहे. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हंजी दिवसपाळी गेली आन् रातपाळी धरली. व्हतंय राव, आसं बी व्हतंय." आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पोरांना शाळेतून का काढलं, हे मी गावात किमान दीडशे वेळा सांगितलं आहे. इथे एकदाच सांगतो. आमची अक्षदा सात वर्षांची. तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेची गाडी तिला न्यायला यायची आणि गाडीचा हॉर्न वाजला की तिचं पोट दुखायचं. वर्गात ती वर्षभरात एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, पोट चांगलं निघालं. मग दिवाळीनंतर आम्ही तिला पाठवणंच बंद केलं. त्या दिवशी तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि सहा प्रश्न विचारले. मला त्यातल्या एकाचंच उत्तर आलं, पण मी इतका खूश झालो की रात्री काम करताना दोनदा उठून तिला बघून आलो. धाकटा ज्ञानू, वय वर्षं पाच, हा या योजनेत आपोआप आला. त्याला शाळेची काहीच अडचण नव्हती. शाळेला त्याची होती.

बायको तेजस्विनी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिची ड्युटी सकाळची, म्हणून गुरुजीपद माझ्याकडे आलं. ती म्हणाली, "शिकवा. पण अहो, एक लक्षात ठेवा, तुमचा आवाज चढला की ती गप्प होते." मी आवाज चढवत नाही, असं मी तिला जरा मोठ्यानेच सांगितलं.

तर शाळा सुरू झाली. फळा आणला, वेळापत्रक केलं, घंटेसाठी जुना नांगराचा फाळ पडवीच्या आढ्याला टांगला. ही पहिली चूक. फाळ वाजला की अख्ख्या आळीला कळायचं, सुदर्शन मोकळा आहे. नऊ वाजता घंटा, नऊ वाजून पाच मिनिटांनी गेणभाऊ. साडेनऊला लंकाबाई. पावणेदहाला किराणा दुकानवाले फतेचंद शेठ, कारण त्यांच्या दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक नसतं. आलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज नाही, आणि विचारल्यावर नाही म्हणायचं, असाही नाही. पहिल्या आठवड्यात पोरं एवढंच शिकली की चहाला आधी पाणी ठेवायचं का आधी दूध, यावर मोठ्या माणसांतही एकमत नसतं.

शिवाय सल्ले. गेणभाऊंचं मत होतं की पोराला आधी पोहता यावं, अक्षरं काय, म्हातारपणी पण येतात. लंकाबाई म्हणजे आमच्या आळीचं सर्वोच्च न्यायालय. बाळंतीण, मयत, देवदेव, गायीचं अडणं, सगळे निकाल त्यांच्याकडे. त्यांनी अक्षदाकडे बघून सांगितलं, "पोरगी बोलत न्हाई तर वेखंड उगाळून जिभंला लाव." अक्षदा म्हणाली, "आजी, मी बोलते की." लंकाबाई म्हणाल्या, "बघ, नुसतं नाव काढलं तर गुण आला."

फतेचंद शेठ तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आले आणि आता आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. ते म्हणाले, "भाऊ, पोरांना दुकानात बसवा. माणसं येतात, बोलतात, भांडतात, त्यातून सगळं येतं. आमच्या अरिहंतला मी पुस्तक म्हणून दाखवलं नाही. आज पुण्यात आहे."

"काय करतो?"

"पुस्तकांचं दुकान आहे," शेठ म्हणाले आणि त्यांनी बशीतला चहा संपवला.

त्यात गावच्या शाळेचे गुरुजी आले. माणूस भला, पण गांजलेला. त्यांच्या शाळेचा पट एकोणीस होता आणि त्यांना विसावा पाहिजे होता. एखादा मुलगा गावात पाहुणा आला तरी ते त्याच्याकडे आशेने बघायचे. त्यांच्याकडे शाळेत न जाणाऱ्या मुलांची माहिती भरायचं काम होतं. मोबाइल पुढे करून म्हणाले, "सुदर्शनराव, इथं कारण निवडायचंय. ऊसतोड, वीटभट्टी, स्थलांतर, घरकाम. तुमचं कारण यादीत नाही."

"लिहा ना, घरी शिकतात."

"लिहिता येत नाही. निवडावं लागतं."

आम्ही चहा घेत अर्धा तास विचार केला. शेवटी त्यांनी 'स्थलांतर' निवडलं. मग त्या यंत्राने विचारलं, कुठून कुठे? गुरुजींनी मान खाली घालून आमच्या गावातून आमच्या गावात असं भरलं आणि यंत्राने ते बिनतक्रार घेतलं. जाताना ते फळ्याकडे बघत म्हणाले, "दोन्ही नावं माझ्याकडं घातली असती तर एकवीस झाले असते हो."

मी उपाय केले नाहीत असं नाही. दारावर पाटी लावली, 'शाळा चालू आहे.' ती वाचायला लोक आले. मग बाहेरून कुलूप लावून परसदारातून आत शिरायला लागलो. दिवसाढवळ्या आमचं दार बंद आणि आतून पोरांचा आवाज, एवढ्यावरून पंधरा मिनिटांत बिबट्या आमच्या पडवीत कोंडल्याची बातमी फिरली आणि वीस-पंचवीस माणसं काठ्या घेऊन अंगणात जमली. बिबट्या नाही म्हटल्यावर त्यांचा इतका हिरमोड झाला की सगळ्यांना चहा करावा लागला. तो एकाच पातेल्यात मावला नाही.

आणि मग जानेवारीतल्या एका सोमवारी चमत्कार झाला.

त्या आठवड्यात घरात मी आणि पोरंच होतो. तेजस्विनी सात दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेली होती. आमचे दादा, म्हणजे वडील हौशीराम, आणि आई धोंडाबाई बहिणीकडे आणे गावी यात्रेसाठी गेले होते. सोमवारचा पहिला तास परिसर अभ्यास. पानांचे प्रकार दाखवावेत म्हणून मी परसातल्या कडुलिंबाचा एक भलामोठा डहाळा तोडला, पोरांनी त्याची पानं मोजली, आणि तो पायात यायला लागला म्हणून मी तो दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवला. दुसरा काही हेतू नव्हता. हे मी पुढे पुष्कळ लोकांना शपथेवर सांगितलं आणि कोणी ऐकलं नाही.

नऊ वाजून पाच झाले. गेणभाऊ आले नाहीत. साडेनऊला लंकाबाई अंगणाच्या कडेपर्यंत आल्या, दाराकडे बघून थबकल्या, चपला काढल्या, हात जोडले आणि उलट्या पावली गेल्या. फतेचंद शेठ तर रस्त्यावरूनच डोक्याची टोपी काढून पुढे गेले. मला काही कळेना. पण तीन तास सलग शाळा झाली, आणि बारा वाजता अक्षदाने बोट ठेवत ठेवत एक अख्खी गोष्ट वाचली. कोल्ह्याची गोष्ट होती. शेवटी तिने मला विचारलं, "कोल्हा खोटं बोलला तेव्हा कोणी त्याला ओरडलं का नाही?" मी म्हणालो, उद्या बघू.

संध्याकाळी दूध आणायला गेलो तेव्हा गेणभाऊ आठ हात लांबून ओरडले, "दोघांना बी का?"

"काय दोघांना?"

"कांजिण्या राव! लिंब बांधलाय न्हवं का दाराला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे घरात कोणाला गोवर-कांजिण्या झाल्या की दाराला लिंबाचा डहाळा बांधतात. घरात देवी आलेली असते. बाहेरच्या माणसाने उंबरा ओलांडायचा नसतो. मी लहानपणापासून हे बघत आलोय, तरी पाच-सात वर्षं पुण्यात काढली की असल्या गोष्टी माणूस विसरतो.

या ठिकाणी सज्जन माणसाने काय केलं असतं, हे मला माहीत आहे. त्याने हसून सांगितलं असतं की नाही हो, तो पानांचे प्रकार शिकवण्यासाठी. मी तोंड उघडलंही होतं. पण मला सकाळचे तीन तास आठवले, कोल्ह्यापाशी फिरणारं अक्षदाचं बोट आठवलं. मी फक्त एक सुस्कारा सोडला. खोटं मी बोललो नाही. माझ्या वतीने गेणभाऊ बोलले आणि रात्रीपर्यंत सगळ्या गावाला बोलून आले.

मंगळवार आणि बुधवार हे माझ्या शिक्षकी जीवनातले सोन्याचे दिवस. ज्ञानू वीसपर्यंत मोजायला लागला, मधला तेरा सोडला तर. अक्षदाने चार गोष्टी वाचल्या, आणि वाचता वाचता स्वतःशी हसली. मात्र जगात काही फुकट मिळत नाही. मंगळवारी सकाळी दारात दहीभाताचं पातेलं आलं. दुपारी दुसरं. रात्री तिसरं. देवी घरात असली की थंड खायचं, फोडणी द्यायची नाही, तळण नाही, मटण-मासळीचं नाव नाही, आणि घरातल्या पुरुषाने दाढी करायची नाही. लंकाबाई अंगणाच्या कडेला उभ्या राहून रोज माझ्या हनुवटीची तपासणी करायच्या. कंपनीच्या बैठकीत साहेबांनी कॅमेऱ्यातून माझा अवतार बघून "घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं आणि मला एक दिवस सुटी घ्यायला सांगितलं. पोरांनी दहीभाताला हात लावायचं सोडलं. मी गपचूप जिऱ्याची फोडणी दिली, तर भिंतीपलीकडून लंकाबाईंचा आवाज आला, "सुदर्शन! वास कसला रं?"

"उदबत्तीचा, काकी!"

"जिऱ्याची उदबत्ती?"

पण खरा हादरा बुधवारी बसला. लंकाबाईंनी निकाल दिला की आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांनीही फोडणी बंद ठेवावी, कारण वास भिंत मानत नाही. सगळ्या आळीने ते मुकाट्याने मानलं. गेणभाऊंच्या नातवाचा वाढदिवस होता, मटणाचा बेत ठरलेला, तो त्यांनी रद्द केला आणि मला लांबून सांगितलं, "पोरं आपलीच हायेत. मटान काय, पुढच्या आठवड्यात बी मिळंल." ज्यांच्या चहाला मी वैतागलो होतो ती माणसं माझ्या पोरांसाठी बिनफोडणीचं वरण खात होती. मला लाज वाटली. स्पष्ट सांगतो, फार वाटली. पण जितके दिवस जात होते तितकं खरं बोलणं महाग होत चाललं होतं.

गुरुवारी आरोग्य खात्याच्या आशाताई वही घेऊन आल्या. अंगावर पुरळ, ताप, अशी मुलं गावात असली की त्यांना कळवावं लागतं.

"बघू द्या पोरं."

"झोपलीत," मी म्हणालो. आतून ज्ञानू मोठ्याने सतरा, अठरा म्हणत होता.

"तापात बरळतोय का?"

मी उत्तर द्यायच्या आत लंकाबाई पलीकडून धावून आल्या. देवी असताना परक्या बाईने आत जायचं नसतं, म्हणजे नसतं. दोघींची जुंपली. शेवटी आशाताईंनी बाहेरूनच वहीत 'संशयित दोन' लिहिलं, फोटो काढला तो डहाळ्याचा काढला, आणि पुढे पाठवून दिला.

शुक्रवारी दुपारी दादा आणि आई एसटीने परत आले. फाट्यावर उतरल्या उतरल्या कोणीतरी आईला बातमी सांगितली. ती घरी आलीच नाही. पिशवी दादांच्या हातात देऊन थेट मरीआईच्या देवळात गेली, ओटी भरली आणि मग डोळे पुसत अंगणात आली.

"काळजी करू नगं," ती मला म्हणाली. "मी नवस बोलून आले. म्हनलं, पोरांच्या अंगावरची देवीची फुलं उतरव, आई. उतरली की सोमवारी दोघांना बी शाळंत नेऊन बसविते. ह्ये घरी शिकवायचं खूळ बंद."

मी म्हणालो, "आई, असा कसा नवस बोललीस?"

"मग कसा बोलू? पोरं शाळंतनं काढलीस म्हनून आई कोपली. आमी लहान व्हतो तवा शाळा न्हवती म्हनून न्हाई शिकलो. तुमच्या दारात शाळा आन् तुमी पडवीत फाळ वाजवता!"

मी तिला आणि दादांना आत नेऊन खरं सांगितलं. आईने ऐकलं आणि ती मटकन खाली बसली. दादांनी पोरांचे सदरे वर करून दोघांची पोटं तपासली, मग दाराची कडी लावली आणि हळू आवाजात म्हणाले, "आता तोंड उघडू नगंस. गेणभाऊनं मटान सोडलंय. लंकाबाईनं आख्खी आळी बिनफोडनीची ठेवलीय. कळलं तर आपल्या दारात कुनी थुकाया बी यायचं न्हाई. रविवारी पोरांना देवी उतरल्याचं पानी घालू, सोमवारी शाळंत बसवू. संपला विषय. गाव बी खूश, आई बी खूश."

आई जमिनीकडे बघत म्हणाली, "नवस तर बोलले मी. आता त्यो कसा माघारी घिऊ?"

अक्षदा दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्या रात्री ती जेवली नाही. माझ्या शेजारी आडवी झाली. मग इतक्या हळू बोलली की मला कान जवळ न्यावा लागला.

"पप्पा, मी बरी झालेच नाही तर?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाच दिवस मी तिला आजारी म्हणून घरात दडवून ठेवलं होतं ते शाळा वाचवायला, आणि आता तीच पोरगी शाळा चुकवण्यासाठी कायमचं आजारी राहायचा विचार करत होती.

रविवारी सकाळी पाणी घालायला सगळी आळी अंगणात जमली. हंड्यात लिंबाचा पाला टाकून पाणी तापलं होतं. बायकांनी नैवेद्याला पुन्हा दहीभातच आणला होता. तो बघून ज्ञानूने खरोखरच आजारी असल्यासारखं तोंड केलं. नवसाची बातमी कळल्यामुळे गुरुजी गुलाबांचे दोन हार आणि दोन नवी पुस्तकं घेऊन आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर एकवीस हा आकडा स्पष्ट दिसत होता.

तेवढ्यात रिक्षातून तेजस्विनी उतरली. तिचं प्रशिक्षण योगायोगाने साथीच्या रोगांचंच होतं. आदल्या संध्याकाळी पडद्यावर जिल्ह्यातल्या संशयित घरांचे फोटो दाखवत असताना तिला तिचंच दार दिसलं होतं. ती कोणाशी न बोलता पोरांपाशी गेली, दोघांचे सदरे काढले, पाठ, पोट, कानामागे, सगळं बघितलं. नर्सला दहा सेकंद पुरतात. तिने माझ्याकडे मान वळवली. ही नजर मी लग्नाच्या दहा वर्षांत एकदाच बघितली होती, आणि तेव्हा निदान गाडी तरी ठोकलेली होती.

"डाग कुठे आहेत?" ती म्हणाली.

"डाग?" लंकाबाई पुढे झाल्या. त्यांनी ज्ञानूचं पोट निरखलं, अक्षदाची पाठ निरखली. त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं बया! एक डाग न्हाई ऱ्हायला! आई पावली! धोंडे, लई कडक नवस बोललीस!"

अंगणात एकच गलका झाला. बायका हात जोडायला लागल्या. एकीने शेजारच्या गावच्या भाचीला फोन लावला, तुझ्या कांजिण्या झालेल्या पोराला पण इथेच आण म्हणून. गेणभाऊंनी टोपी काढली. फतेचंद शेठ खडीसाखर वाटायला लागले. आणखी पाच मिनिटं गेली असती तर आमच्या पडवीत देऊळ उभं राहिलं असतं आणि मला त्याचं पुजारीपण मिळालं असतं. दादा मला डोळ्यांनी सांगत होते, गप बस. गुरुजींनी हार सरळ करून अक्षदाच्या दिशेने एक पाऊल टाकलं. अक्षदाने पोटावर हात ठेवला.

मी म्हणालो, "थांबा."

आवाज नको तितका मोठा आला. सगळे माझ्याकडे वळले. आमच्या घराण्यात चारचौघांत उभं राहून कोणी कधी बोललेलं नाही, लग्नात मंगलाष्टकंसुद्धा आम्ही दुसऱ्याकडून म्हणून घेतो. मी म्हणालो, "पोरांना काही झालेलं नव्हतं. डहाळा मी पानं शिकवायला तोडला होता. तुम्हाला कांजिण्या वाटल्या आणि मी बोललो नाही. सकाळी तुम्ही चहाला येता आणि शाळा होत नाही, म्हणून."

कोणीतरी हंड्याखालचं लाकूड बाहेर ओढलं.

"म्हंजी," गेणभाऊ सावकाश म्हणाले, "पाच दिस मी बिनफोडनीचं वरान खाल्लं..."

"हो."

"नातवाचं मटान..."

"हो, गेणभाऊ."

"त्ये चहापायी?"

यानंतर जे बोललं गेलं ते मी सगळं लिहीत नाही. आमच्या भाषेत या प्रसंगासाठी पुष्कळ शब्द आहेत आणि त्यांतले बहुतेक त्या दिवशी वापरून झाले. चहाचा उल्लेख मी करायला नको होता, असं मला नंतर वाटलं. माणूस एक वेळ फसवणूक सोसतो, पण आपला चहा कोणाला जड झाला होता, हे सोसत नाही. फतेचंद शेठनी खडीसाखर परत पुडीत भरली. आशाताई वहीत खाडाखोड करता येत नाही म्हणून रडकुंडीला आल्या. दादा गोठ्यात निघून गेले.

या सगळ्यात आई मात्र एकाच गोष्टीला धरून बसली होती. "पर नवस बोललाय मी. पोरं आजारी व्हती की नव्हती, ह्ये मरीआईला काय ठावं? शब्द दिलाय. माघारी घेतला आन् उद्या खरंच काय झालं तर?" तिच्या डोळ्यांत खरं भय होतं. त्यावर मला हसता येईना आणि वाद घालता येईना.

सगळ्यांनी लंकाबाईंकडे बघितलं. माझ्यावर सर्वांत जास्त संतापलेल्या त्याच होत्या, आणि निकाल त्यांनाच द्यायचा होता. त्या पायरीवर बसल्या, त्यांनी पदर सारखा केला आणि अक्षदाकडे निरखून बघितलं. पोटावरचा हात त्यांनीही बघितला असावा.

"नवस फिरत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर बदली चालती. बोकडाच्या जागी आपुन कोहळा कापतोच की न्हाई? आईनं कंदी न्हाई म्हनलं का? मग पोरांच्या जागी दुसरं मानूस बसंल."

"कोण?" आईने विचारलं.

"डहाळा ज्यानं बांधला त्यो. सव्वा महिना. परिपाठापासनं मधल्या सुट्टीपातूर. आन् पोरांची शाळा त्याच्या आत, सकाळी आठला. तवा आमी बी येत न्हाई, आमचं झाडलोट व्हायचं आसतंय."

मी विरोध करायला तोंड उघडलं, पण तेजस्विनी आधीच "चालेल" म्हणाली होती. गुरुजी हिशेब करत होते. "यांचं नाव पटावर घेता येईल का, बघतो," ते पुटपुटले. "वयाचं मात्र यंत्र घेणार नाही." मग त्यांनी पुढे होऊन एक हार माझ्या गळ्यात घातला. दुसरा फुकट जाऊ नये म्हणून तोही घातला. गेणभाऊंनी टाळ्या वाजवल्या, पाच दिवसांत पहिल्यांदा मनापासून.

सोमवारी सकाळी आठ ते दहा आमची घरशाळा झाली. कोणीही आलं नाही. मग मी नवी पुस्तकं पिशवीत घातली आणि अक्षदा मला गावच्या शाळेत सोडायला आली. फाटकाशी तिने माझी कॉलर नीट केली. "पप्पा, रडायचं नाही," ती म्हणाली. "मी सुट्टीला न्यायला येते." आणि ती पळत गेली. मी पहिलीच्या रांगेत, गुडघे छातीशी घेऊन बसलो. शेजारच्या पोराने मला नापास झालास का, असं विचारलं. मी हो म्हणालो. त्याने मला त्याच्या चटईवर जरा जागा करून दिली.

मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा ती खरोखरच दारात उभी होती. आत एकोणीस अनोळखी पोरं, खुर्चीत गुरुजी. ती उंबरा ओलांडून सरळ आत आली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गुरुजी, आमचे पप्पा त्रास देतात का?"

"नाही गं," गुरुजी म्हणाले. "पण सकाळपासून एक शब्द बोलले नाहीत. विचारलं की खाली बघतात."

अक्षदाने माझी पिशवी खांद्याला लावली.

"त्यांना ओरडू नका," ती म्हणाली. "जरा दम धरा. बोलतील."